घणसोलीच्या नाल्याचे पाणलोट क्षेत्र आणि ७३ रेखांशावर तुटलेली सीमा

पारसिकच्या डोंगररांगेच्या पश्चिम उतारावरून, गवळीदेवच्या बाजूने घणसोलीकडे उतरून ठाण्याच्या खाडीला मिळणाऱ्या एका नाल्याचे पाणलोट क्षेत्र क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणक-प्रणालीत आखण्याचे काम मी या उन्हाळ्यात हाती घेतले. पावसाळ्यात हा नाला काठोकाठ भरून वाहतो, तेव्हा ते पाणी डोंगराच्या नेमक्या कोणत्या भागावरून येते हे मला स्वतः काढून पाहायचे होते. सहा रविवारांत आलेल्या अडचणी आणि त्यांवर सापडलेले उपाय येथे नोंदवत आहे. खाडीकाठच्या सखल भागावर काम करणाऱ्या कोणालाही त्या भेटतील असे वाटते.

पहिली अडचण किरकोळ होती. कामाच्या फोल्डरचे नाव मी देवनागरीत आणि मध्ये मोकळी जागा ठेवून दिले होते. क्यूजीआयएसमधून चालणाऱ्या ग्रास या जोड-प्रणालीची साधने त्यामुळे सुरू होताच बंद पडत आणि पडद्यावर येणाऱ्या संदेशात फोल्डरच्या नावाचा उल्लेखही नसे. रोमन अक्षरांतील सलग नावाच्या फोल्डरमध्ये सर्व फाइली हलवल्यावर ती अडचण संपली.

खरा वेळ गेला तो पाणलोटाच्या सीमेवर. पहिल्या नकाशात ही सीमा पूर्वेकडे पट्टीने आखावी तशी सरळ, उत्तर-दक्षिण रेषेत तुटलेली दिसली. पाणी वाटणारी रेषा डोंगराच्या कण्यावरून वाकडीतिकडी जायला हवी, त्यामुळे ही रेषा जमिनीची नसून माहितीची आहे हे उघड होते. एसआरटीएम या अंतराळातून केलेल्या मोजणीच्या उंचीच्या टाइली, म्हणजे नकाशाचे तुकडे, एकेका अंशाच्या असतात आणि त्यांची नावे नैर्ऋत्य कोपऱ्यावरून ठरतात. खाडी आणि ठाणे शहर ७२ अंशाच्या टाइलीत येते म्हणून मी तेवढीच उतरवून घेतली होती. ७३ अंशाचे रेखावृत्त मात्र ऐरोली आणि वाशी यांच्या अगदी जवळून जाते. म्हणजे नाल्याचे मुख एका टाइलीत आणि त्याचा डोंगर दुसरीत, अशी स्थिती होती.

याची सूचना ग्रासच्या आर.वॉटरशेड या साधनाने आधीच दिली होती, पण मला ती वाचता आली नव्हती. प्रवाह-संचयाच्या रास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक चौकटीत वरच्या किती चौकटींचे पाणी येते हे सांगणाऱ्या चौकटींच्या नकाशात, त्या सरळ रेषेपासून निघणाऱ्या सर्व प्रवाहांच्या किमती ऋण होत्या. मी तो दोष समजून ऋण चिन्ह काढून टाकणारा पर्याय निवडला आणि नकाशा नीटनेटका दिसू लागला. वास्तविक ऋण किमतीचा अर्थ असा असतो की या चौकटीत नकाशाच्या बाहेरूनही पाणी येत असावे, त्यामुळे येथील आकडा अपुरा आहे. तो पर्याय आता मी पाणलोटाच्या आत एकही ऋण चौकट उरलेली नाही याची खात्री झाल्याशिवाय वापरत नाही.

दोन्ही टाइली व्हर्च्युअल रास्टरने जोडल्यावर ऋण किमती डोंगराकडून गेल्या, पण खाडीच्या बाजूला तशाच राहिल्या. रास्टर हव्या तेवढ्या भागापुरते कातरताना मी शून्य ही किंमत ‘माहिती नाही’ म्हणून नोंदवली होती. एसआरटीएमची उंची पूर्ण मीटरमध्ये असते आणि खाडीकाठच्या भरावाच्या जमिनीत शून्य मीटरच्या चौकटी विखुरलेल्या असतात. त्या साऱ्या नकाशातील भोके बनल्या होत्या आणि पाणी तेथून बाहेर पडत होते. ‘माहिती नाही’साठी उणे ३२७६८ ही मूळ किंमत परत दिल्यावर तो भाग भरून आला.

प्रोजेक्शनबाबत, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीबाबत, थोडक्यात सांगतो. अंशांतील रास्टरवर उतार काढला तर सपाट वस्तीतही तो ९० अंशांच्या आसपास येतो, कारण आडवे माप अंशांत आणि उभे मीटरमध्ये असते. आपल्या भागासाठी यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी या सांकेतिक यादीतील ३२६४३, हे प्रोजेक्शन योग्य आहे. रूपांतर करताना नजीकच्या चौकटीची पद्धत न घेता आसपासच्या चार चौकटींवरून किंमत काढणारी बायलिनियर घ्यावी, अन्यथा उताराच्या नकाशावर समांतर पट्टे उमटतात. पाणलोटाचे सारे पाणी जेथून बाहेर पडते तो निर्गम बिंदूही मीटरमध्येच द्यावा लागतो. घणसोलीजवळ पूर्वेचा आकडा सुमारे २ लाख ९० हजार आणि उत्तरेचा सुमारे २१ लाख १५ हजार येतो. बिंदू प्रवाहाच्या चौकटीपासून एक चौकट जरी ढळला तरी पाणलोट म्हणून काही मोजक्या चौकटींचा ठिपका हाती येतो.

यानंतरची अडचण मात्र संगणकावर सुटण्यासारखी नव्हती. सखल भागात प्रवाहरेषा फणीच्या दातांसारख्या समांतर येत होत्या. आर.वॉटरशेडला खळगे आधी भरून द्यावे लागत नाहीत, तरीही मी सवयीने सागा या दुसऱ्या प्रणालीच्या साधनाने ते भरले होते आणि त्यामुळे सपाटी आणखी वाढली होती. न भरलेले रास्टर दिल्यावर डोंगरउतार सुधारला, वस्तीचा भाग नाही. शेवटी एका रविवारी सकाळी ठाणे-बेलापूर रस्त्याने चालत जाऊन नाला कोणत्या मोरीखालून पलीकडे जातो ते पाहिले, ओपनस्ट्रीटमॅपवरील रेषा त्याप्रमाणे दुरुस्त केली आणि त्या रेषेखालील चौकटी ५ मीटरने खाली उतरवल्या. रेषा मध्ये कोठेही तुटू नये, कारण तुटलेल्या जागी नवा खळगा तयार होतो.

निर्गम बिंदू मी खाडीच्या काठावरून उचलून त्या मोरीवर आणला आहे. मोरीच्या खाली भरती-ओहोटीचा अंमल सुरू होतो. नवी मुंबईतील पावसाचे पाणी साठवणाऱ्या धारण तलावांची दारे भरतीला बंद होऊन ओहोटीला उघडतात, आणि प्रत्येक चौकटीचे पाणी सखल शेजाऱ्याकडे पाठवणाऱ्या गणिताला त्याची काहीच कल्पना नसते. किती चौकटींचे पाणी जमल्यावर प्रवाह मानायचा यासाठी ५०० चौकटींची, म्हणजे ३० मीटरच्या चौकटीप्रमाणे ४५ हेक्टरची मर्यादा ठेवल्यावर डोंगरावरचे मुख्य ओहळ प्रत्यक्षाशी जुळले.

पूर्वेची सीमा आता पारसिकच्या कण्यावरून वळणे घेत जाते. प्रश्न उरला आहे तो दगडखाणींचा. एसआरटीएमचे मोजमाप फेब्रुवारी २००० मधील आहे आणि त्यानंतर या रांगेतील खाणींनी काही उतारांचा आकारच बदलला आहे. म्हणून २०११ ते २०१५ या काळातील मोजणीवर आधारलेले कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचे ३० मीटरचे उंचीचे रास्टर उतरवून घेतले आहे. पुढील रविवारी दोन्हींची वजाबाकी करून, फरक खाणींच्या जागीच येतो का ते आधी पाहणार आहे.