शाळेची वाट कुठे अडते?

मूल शाळेत चालत जाईल की नाही, हे आधी अंतर ठरवतं. लहान मूल ताशी साधारण 4 किलोमीटर चालतं, म्हणजे किलोमीटरला 15 मिनिटं. जड दप्तर असेल तर जास्तच. हे अंतर पायवाटेनं मोजायला हवं. नकाशावर 400 मीटरवर दिसणारी शाळा मधल्या भिंतीमुळे किंवा नाल्यामुळे सव्वा किलोमीटरवर जाते. अशा ठिकाणी भिंतीत एक फाटक उघडलं तरी पुष्कळ फरक पडतो.

शाळा जवळ असूनही मुलं गाडीनंच येत असतील, तर आधी रस्ता ओलांडण्याची जागा पाहावी. बाकी सगळा फुटपाथ उत्तम असला तरी एका धोक्याच्या चौकापायी पालक मुलाला एकटं सोडत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा नीट अंदाज येत नाही. शिवाय उंची कमी, त्यामुळे उभ्या गाडीआडून ना मुलाला चालक दिसतो, ना चालकाला मूल.

वेगाचा हिशेब तर फारच बोलका आहे. चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर कोरड्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरनं येणारी गाडी सुमारे 13 मीटरमध्ये थांबते. ताशी 50 नं येणारीचा तिथवर ब्रेकच लागलेला नसतो! म्हणून आधी वेग उतरवावा: रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी रस्ता उंच करावा, फुटपाथ पुढे आणून ओलांडायचं अंतर घटवावं, पट्ट्यांआधी किमान 10 मीटर गाड्या उभ्या राहू देऊ नयेत. नुसती पाटी लावून वेग कमी होत नाही.

शाळेच्या फाटकासमोरची गर्दी बहुतांशी सोडायला आलेल्या पालकांचीच असते. त्या गर्दीच्या भीतीनं आणखी मुलं गाडीत बसतात. शाळा भरताना-सुटताना अर्धा तास समोरचा रस्ता वाहनांना बंद ठेवावा आणि लांबून येणाऱ्यांना 300-400 मीटर आधी उतरवावं.

राहिला पालकांच्या वेळेचा प्रश्न. कामावर जाता जाता मुलाला सोडणं सोयीचं पडतं, त्यामुळे रस्ता सुधारूनही सवय सुटत नाही. इथे गटानं चालणं उपयोगी पडतं: ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे, प्रत्येक थांब्याची वेळ आणि सोबत मोठं माणूस. आठवड्यातून एका दिवसानं सुरुवात करावी. गट मोडतो तो बहुधा सोबतीचा माणूस ऐनवेळी न आल्यानं, म्हणून बदली माणूस पहिल्याच दिवशी नेमून ठेवावा.