आरटीएल८१३९ ड्रायव्हर: दहा हजार पॅकेटं, खऱ्या कार्डावरून

शनिवारी रात्री पावणेबाराला माझ्या कर्नलने, म्हणजे मी लिहीत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, आरटीएल८१३९ चिपच्या नेटवर्क कार्डावरून दहा हजार यूडीपी पॅकेटं (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे छोटे गठ्ठे) सोडली आणि लॅपटॉपवर दहा हजारच पोचली. सगळी क्रमाने, एकाचाही चेकसम (मजकूर बदलला नाही ना हे तपासायची बेरीज) चुकलेला नाही. आणि हे क्यूएमूमध्ये (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नव्हे, टेबलावर उघड्या पडलेल्या पेंटियम ४ च्या पीसीआय खाचेत बसवलेल्या खऱ्या कार्डावरून. मागच्या नोंदीत मी "पाठवणं आणि घेणं दोन्ही चालतंय" असं लिहिलं होतं, ते क्यूएमूपुरतं खरं होतं. तिथून इथवर यायला सहा आठवडे लागले आणि त्यातले जवळपास चार एकाच चुकीने खाल्ले. आजची नोंद मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच: कर्नल ३२ बिटी आहे, सी आणि थोडी असेंब्ली. कार्ड लॅमिंग्टन रोडवर जुन्या सुट्या भागांच्या ढिगातून उचललं. हीच चिप का, असं दोघातिघांनी विचारलं होतं. हिची रजिस्टरं (चिपला हुकूम द्यायचे आणि तिची स्थिती वाचायचे कप्पे) मोजकी आहेत. डिस्क्रिप्टरच्या (प्रत्येक बफरचा पत्ता आणि लांबी सांगणाऱ्या नोंदींच्या) लांबलचक रिंगा नाहीत. आलेलं सगळं एका सलग बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) पडतं आणि पाठवायला चार खाने आहेत, बस्स. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरमध्ये तो लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी या चिपवर कडक टीका केली आहे. आलेली प्रत्येक फ्रेम (तारेवरून जाणारं पूर्ण पॅकेट) बफरमधून दुसरीकडे कॉपी करावी लागते, त्यात प्रोसेसरचा वेळ जातो. भरपूर वाहतुकीच्या सर्व्हरसाठी ती टीका रास्तच आहे. पण शिकणाऱ्यासाठी मला ही चिप फार आवडते, कारण कुठला बाइट कुठून कुठे गेला हे अक्षरशः बोट ठेवून दाखवता येतं.

पीसीआयचा, म्हणजे मदरबोर्डावर कार्ड शोधून जोडण्याचा, भाग पटकन सांगतो. उत्पादक क्रमांक हेक्स १०ईसी, उपकरण क्रमांक हेक्स ८१३९, तो सापडला की कमांड रजिस्टरमधला बस मास्टरचा बिट (क्रमांक २) स्वतः लावा. तो लावला नाही, तर कार्डाला तुमच्या मेमरीत लिहिताच येत नाही. मग रिसेट. क्यूएमूमध्ये रिसेट एका झटक्यात होतो, खऱ्या कार्डावर तो बिट खाली येईपर्यंत थांबावं लागतं. आणि पाठवणं-घेणं आधी चालू करून मगच त्यांची कॉन्फिगरेशन रजिस्टरं लिहायची. मी उलटं करत होतो, त्यामुळे क्यूएमूत सगळं सुरळीत आणि कार्डावर शुकशुकाट. लिनक्सच्या ८१३९टू ड्रायव्हरमध्ये हा क्रम कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहिला आहे. तो मी आधी वाचायला हवा होता. क्रम बदलला त्या संध्याकाळी पहिला पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का हे पाहणारं पॅकेट) परत आला.

घेण्याच्या बाजूचं एक वैशिष्ट्य मात्र सविस्तर लिहून ठेवतो, कारण ते शोधायला मला क्यूएमूतसुद्धा दोन रात्री लागल्या होत्या. आपण बफरमध्ये कुठपर्यंत वाचलं हे कार्डाला सीएपीआर रजिस्टरमधून कळवायचं असतं. तिथे खरा आकडा न लिहिता त्यातून १६ वजा करून लिहायचा. मी सरळ आकडा लिहीत होतो. कार्डाच्या हिशोबात मी लेखनाच्या टोकाच्या १६ बाइट पुढे गेलेलो होतो, म्हणून "बफर रिकामा" हा बिट कधी लागतच नव्हता. सिरीयल पोर्टवर दिसत होतं ते असं: एक एआरपी उत्तर (आयपी पत्त्यावरून कार्डाचा पत्ता विचारल्याचं), मग शून्य लांबीच्या दोन हजारांहून जास्त नोंदी, मग पुन्हा तेच एआरपी उत्तर, आणि हे न थांबता. त्या शून्य नोंदी मोजल्या तेव्हा उलगडा झाला. दर नोंदीला चार बाइट सरकायचं, म्हणजे ८१९२ बाइटची पूर्ण प्रदक्षिणा घालून मी पुन्हा पहिल्याच पॅकेटवर येत होतो. १६ वजा केले आणि लूप लगेच थांबला.

आता मुख्य चूक.

खऱ्या कार्डावर पिंग नीट चालत होता. एआरपी नीट. म्हणून मी जरा ताण द्यायचा ठरवला. एका लूपमधून वीस यूडीपी पॅकेटं, प्रत्येकात १४०० बाइट, आणि त्यात त्या पॅकेटचा क्रमांक ३५० वेळा लिहिलेला. लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून बसलो. पहिली काही पॅकेटं स्वच्छ आली, पुढे मात्र काही क्रमांक गायब होते आणि काही पॅकेटांचा यूडीपी चेकसम चुकलेला होता. क्यूएमूत हाच कोड हजार वेळा चालवला, एकदाही चुकला नाही.

मी केबल बदलली. कार्ड दुसऱ्या खाचेत लावलं. कार्डच खराब असेल या समजुतीने दुसरं कार्ड आणलं. यात आठवडे गेले. खरं तर पुरावा पहिल्या दिवसापासून समोर होता. वाटेत बाइट बिघडले असते तर इथरनेटचा सीआरसी (फ्रेमच्या शेवटी जोडलेला तपासणीचा आकडा) चुकला असता आणि लॅपटॉपच्या कार्डाने ती फ्रेम वर येऊच दिली नसती. फ्रेम वर आली, म्हणजे तारेवर चढताना ती जशी होती तशीच पोचली. सीआरसी कार्ड स्वतः काढतं, तोही फ्रेम बाहेर पडताना. यूडीपीचा चेकसम मी आधी काढलेला असतो. एक बरोबर आणि दुसरा चूक, याचा अर्थ मी हिशोब केल्यानंतर आणि कार्डाने पूर्ण वाचण्याआधी, मधल्या वेळात, मजकूर बदलला होता. बदलणारा माझाच कोड.

मग एक बिघडलेली फ्रेम उघडून आकडे वाचले. सुरुवातीला १०, १०, १०, आणि मध्येच १४, १४, १४ शेवटपर्यंत. दुसऱ्या फ्रेममध्ये ११ आणि १५. फरक दरवेळी चारचा, आणि पाठवायचे खानेही चारच! कार्ड १० क्रमांकाचं पॅकेट वाचत असतानाच मी त्याच खान्यात १४ क्रमांकाचं उतरवत होतो.

१०० मेगाबिटवर एवढी फ्रेम तारेवर जायला, प्रीॲम्बल (फ्रेमआधीचा ठराविक संकेत), सीआरसी आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा धरून, सुमारे ११७ मायक्रोसेकंद लागतात. माझा लूप त्याहून कितीतरी वेगाने फिरत होता. क्यूएमूत लांबी रजिस्टरमध्ये लिहिताक्षणी फ्रेम रवाना होते, माझी पुढची सूचना चालण्याआधीच. म्हणून ही चूक तिथे दिसणं शक्यच नव्हतं.

उपाय त्याच रजिस्टरमध्ये आहे. बिट १३, म्हणजे ओन. आपण लांबी लिहिताना तो शून्य ठेवतो, म्हणजे खाना कार्डाच्या ताब्यात जातो. कार्डाने सगळं उचललं की ते तो बिट १ करतं आणि खाना आपल्याकडे परत येतो. हा बिट मला माहीत होता, मी तो रिकामी औपचारिकता समजून सोडला होता. आता खाना मोकळा नसेल तर पॅकेट रांगेत जातं आणि पाठवणं पूर्ण झाल्याचा इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) आला की रांग पुढे सरकते.

त्याच बसल्या बैठकीत आणखी एक दुरुस्ती केली. एआरपीची फ्रेम ४२ बाइटची असते, इथरनेटला सीआरसी सोडून किमान ६० लागतात आणि ही चिप उरलेली जागा स्वतः भरत नाही. मी लांबी ६० लिहायचो, पण पुढचे १८ बाइट पुसायचो नाही. खान्यात आधीच्या पॅकेटचं जे उरलं असेल तेच बाहेर जायचं. २००३ मध्ये अनेक ड्रायव्हरांत नेमकी हीच गळती उघड झाली होती, इथरलीक नावाने. आता ते बाइट शून्याने भरतो.

राहिलंय ते घेण्याच्या बाजूला. ८ किलोबाइटच्या बफरमध्ये पूर्ण मापाच्या जेमतेम पाच फ्रेम मावतात, म्हणजे सलग मारा झाला तर सुमारे ०.६ मिलिसेकंदात तो भरतो. माझा कन्सोल स्क्रीन वर सरकवताना इंटरप्ट बंद ठेवतो आणि त्याला याहून जास्त वेळ लागतो. लॅपटॉपवरून फ्लड पिंग (न थांबता पिंगांचा मारा) सोडला की ओव्हरफ्लोचा, म्हणजे बफर भरल्याचा, बिट लगेच लागतो. बफर ३२ किलोबाइट करतोय. ६४ नको, कारण तिथे रॅपचा बिट (शेवटची फ्रेम न तोडता बफरच्या पुढे सलग लिहू देणारा) लागू होत नाही आणि शेवटाला दुमडलेली फ्रेम हाताने जोडावी लागते. इंटरप्ट बंद न ठेवता स्क्रीन सरकवण्याचं काम पुढच्या रविवारी हाती घेतोय.