वालेन्सियातली खरवड

स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात पोहोचल्याच्या पहिल्या रात्री मी पाएया मागवली आणि तिथेच फसले. वालेन्सियाची माणसे हा भात दुपारी, त्यातही रविवारी दुपारी खातात. रात्री तो मागवणारा बहुधा पाहुणा असतो आणि उपाहारगृहवाल्यांना ते पुरेपूर ठाऊक असते. समोर आला तो कृत्रिम रंगाने पिवळाधमक केलेला, चोरिसोचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजचे, काप पेरलेला मऊ गिचका. पैशांपेक्षा अधिक चीड आली ती या गोष्टीची की, भातावर वाढलेल्या माझ्यासारख्या कोकणी बाईला तो मुकाट्याने संपवावा लागला.

पुढचे तीन दिवस चर्च आणि संग्रहालये पाहण्यात गेले. त्यांतली लक्षात राहिली ती गुरुवारची दुपार. बाराच्या ठोक्याला कॅथेड्रलच्या दारात काळे डगले घातलेले आठ शेतकरी खुर्च्यांवर बसले आणि पाटाच्या पाण्याची तक्रार कोणाची आहे का, असे एकेका पाटाचे नाव घेऊन पुकारले गेले. तक्रार कोणाचीच नव्हती, त्यामुळे काही मिनिटांत सारे उठले. शतकानुशतके तोंडी चालत आलेल्या या पाणी-पंचायतीला युनेस्कोने २००९ मध्ये वारशाचा दर्जा दिला आहे. पाटाला स्पॅनिशमध्ये ‘आसेकिया’ म्हणतात, तांदळाला ‘आरोस’ आणि केशराला ‘आसाफ्रान’. तिन्ही शब्द अरबीतून आलेले आहेत. १२३८ मध्ये आरागॉनच्या ख्रिस्ती राजा जाउमेने मुस्लिम राज्यकर्त्यांकडून शहर जिंकून घेतले, पण पाट, भातशेती आणि हे शब्द जागच्या जागी राहिले.

रविवारी ओळखीच्या एका कुटुंबाने आल्बुफेरा सरोवराकाठच्या एल पाल्मार गावी जेवायला बोलावले. अंगणात संत्र्याच्या लाकडांचा जाळ होता आणि त्यावर दोन कानांची पसरट, उथळ कढई. पाएया हे मुळात या कढईचेच नाव. यजमानांनी तेलात कोंबडी आणि ससा घाई न करता चांगला तांबूस होईपर्यंत परतला, मग चपट्या हिरव्या शेंगा आणि ‘गारोफो’ नावाचे मोठे पांढरे दाणे घातले, त्यानंतर टोमॅटो, लाल मिरचीची पूड, पाणी, केशर. कांदा घालत नाही का, असे मी विचारताच त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, चोरिसोचा विषय काढण्याचे धैर्य मला झाले नाही. टोमॅटो, मिरची आणि गारोफो हे तिन्ही अमेरिकेतून आलेले पाहुणे आहेत, हे ओठांवर आले होते. पण मिरची आणि बटाटा वगळून आपली मिसळ किती उरेल, याचा हिशेब मनात झाला आणि मी गप्प बसले.

तांदूळ पडल्यावर सवयीने मी डाव उचलला. त्यांनी माझे मनगटच धरले. तांदूळ एकदा पसरला की त्याला हात लावायचा नाही, कारण ढवळल्याने पीठ सुटून भात चिकट होतो. पुढची अठरा-वीस मिनिटे आम्ही चौघे त्या कढईभोवती नुसते उभे होतो. पाणी आटत आले तेव्हा त्यांनी जाळ वाढवला आणि कान कढईजवळ नेला. आतून बारीक तडतड ऐकू येत होती. ती ऐकताना घरातली सगळी बडबड थांबली. करपट वासाची पहिली झुळूक येताच काकूंनी हात वर केला आणि कढई उतरली.

कढई टेबलाच्या मधोमध ठेवून प्रत्येकाने चमच्याने आपापल्या समोरचा त्रिकोण खायचा, शेजाऱ्याच्या हद्दीत जायचे नाही. भात मोकळा, रंगाने तपकिरी होता, आणि रोझमेरीचा वास त्यात जेमतेम लागत होता. सशाचे मांस मला फारसे रुचले नाही, हे खरे सांगते. पण त्या भाताच्या तळाशी जे होते त्याला ते ‘सोकारात’ म्हणत होते, आणि ते मी ओळखले: ती खरवड होती. आमच्या घरी भात लागला की आई कोणी पाहण्याआधी ती खरवड स्वतःच्या ताटात ओढून घेत असे, जणू तो तिचा गुन्हा. इथे यजमान चमच्याच्या कडेने ती खरवडत होते आणि तिच्या वाटणीवरून त्यांच्या दोन मोठ्या मुलांचे चक्क भांडण जुंपले होते. पहिला तुकडा पाहुणी म्हणून मला मिळाला, कडक, तेलकट आणि किंचित कडसर.

रात्री आईला फोनवर हे सगळे सविस्तर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “जाळ जास्त झाला असेल गं त्यांचा.”