जांभळ्या चड्डीतले आजोबा

तोक्योत राहायला येऊन तिसरं वर्ष, आणि रग्बीबद्दल मला एवढंच माहीत होतं की बॉल लांबट असतो आणि २०१९ चा वर्ल्ड कप इथे झाला तेव्हा जपानने आयर्लंडला १९-१२ ने हरवलेलं, ते पण ऑफिसातला एक सीनियर प्रत्येक पार्टीत सांगतो म्हणून. याच माणसाने एका शुक्रवारी विचारलं, रविवारी बाबांची मॅच आहे, येणार का. मला वाटलं बाबा कोच वगैरे असतील. येतो म्हटलं. इथे असं घरगुती बोलावणं सहसा येत नाही, आलं की जावं.

मॅच कुमागायाला होती. सायतामातलं हे शहर उकाड्यासाठी प्रसिद्ध, २०१८ च्या जुलैत तिथे ४१.१ डिग्री नोंदलं गेलंय, पण मी गेलो नोव्हेंबरात, त्यामुळे पातळ जॅकेटमध्ये कुडकुडलो. उएनोहून ताकासाकी लाईन पकडायची असते. मी शहाण्याने उत्सुनोमिया लाईन पकडली. दोन्ही ओमियापर्यंत एकाच वाटेने जातात त्यामुळे तोवर मी एकदम निवांत, पुढे मोबाईलमधला निळा ठिपका भलतीकडेच सरकायला लागला तेव्हा कळलं. हासुदाला उतरून परत ओमिया, मग बरोबर गाडी, मग कुमागाया स्टेशनहून बस. पोचलो तेव्हा टीम्स वॉर्म-अप करत होत्या, म्हणजे नशीब.

वर्ल्ड कपवालं मोठं स्टेडियम बाजूलाच आहे, आमची मॅच मात्र शेजारच्या साध्या मैदानावर. तिकीट नाही, गेट नाही, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. बघतो तर काय, मैदानात सगळे म्हातारे आणि प्रत्येकाच्या चड्डीचा रंग वेगळा! कलीगने समजावलं: चाळिशीतल्यांची पांढरी, पन्नाशीची गडद निळी, साठीची लाल, सत्तरीची पिवळी, ऐंशीची जांभळी. रंग बघून ठरवायचं समोरच्याला किती जोरात भिडायचं ते. पिवळ्या-जांभळ्याला आडवं पाडायचं नाही, नुसतं धरून थांबवायचं. इथे चाळिशीपुढच्यांच्या रग्बीचे क्लबच आहेत, तोक्योचा ‘फुवाकु’ १९४८ पासूनचा, नाव कन्फ्यूशियसच्या ‘चाळिशीत मनात संभ्रम उरला नाही’ या वाक्यावरून. फुकुओकावाल्यांनी त्यावर कोटी करून आपल्या क्लबचं नाव ‘मेइवाकु’ ठेवलंय, म्हणजे चक्क ‘दुसऱ्यांना ताप’.

आणि बाबा? बाबा जांभळे. ८२ वर्षांचे. माझ्यासमोर त्यांनी तोंडातून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि नातवाच्या हातात दिली. नातू आठेक वर्षांचा असेल, त्याने ती पुडी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि पूर्ण मॅचभर तशीच धरून ठेवली, मधे शिंक आली तरी सोडली नाही.

खेळ कळायला वेळ लागला. बॉल हाताने पुढे फेकायचा नाही, पास मागेच द्यायचा, म्हणजे पुढे जायचं तर मागे टाकायचं, हे डोक्यात बसेपर्यंत पहिला हाफ संपला. (कबड्डी बघितलेल्या माणसाला टॅकल लगेच कळतो, बाकी काही नाही.) समोरच्यांच्या गोल-रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, त्याला पाच पॉइंट, त्यानंतरची किक बसली तर अजून दोन. हे सगळे म्हातारे म्हणजे गोड गोड खेळत असतील असं कुणाला वाटेल, तर तसं अजिबात नाही. लाल चड्डीवाले एकमेकांवर असे आदळत होते की दोरीपर्यंत धप्प आवाज यायचा, एकाच्या नाकातून रक्त आलं तर बाहेर येऊन कापूस कोंबला आणि परत आत.

पण बॉल बाबांकडे आला आणि मैदानाचा वेगच बदलला. ते कडेकडेने पळत सुटले, पळत म्हणजे भरभर चालत म्हणा, आणि समोरच्या टीमचा एक पांढऱ्या चड्डीतला धिप्पाड गडी त्यांच्या बाजूने दोन्ही हात पसरून पळतोय, पोरगं सायकल शिकत असताना बाप मागून पळतो ना तसा. धरत नाहीये, नुसता बरोबर. दहा-बारा पावलांवर एका पिवळ्या आजोबांनी येऊन त्यांना चक्क मिठी मारली. तेवढ्यात बाबांनी बॉल मागे दिला होता. ट्राय काही झाला नाही, पुढच्या माणसाच्या हातातून बॉल सुटला, आणि बाबा त्याला जे काही बोलले ते कलीगने मला भाषांतर करून सांगितलं नाही.

मॅच संपल्याला इथे ‘नो-साइड’ म्हणतात, आता बाजू उरल्या नाहीत असं. दोन्ही टीम्स ओळीत उभ्या राहून एकमेकांना वाकल्या, मग आमच्याकडे वळून वाकल्या, आपण काय करायचं ते न सुचून मी पण वाकलो. मी कुठल्या टीमसाठी ओरडत होतो ते शेवटपर्यंत मला नीट माहीत नव्हतं.

बाबा दोरीपाशी आले, गुडघ्यापर्यंत चिखल. कलीगने ओळख करून दिली. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं, खांद्यावर पंजा दाबून बघितला आणि वय विचारलं. अडतीस म्हटलं.

“म्हणजे अजून दोन वर्षं थांबावं लागेल तुला,” म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत, नातवाकडून पुडी घेऊन कवळी बसवत होते.