फळ्यावरचा हिशेब

सरांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या तासाला बसलेल्यांना ते सांगायची गरजच नाही. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवत आणि पुस्तक बहुधा मिटलेलंच असे. अणूच्या केंद्रकातून अल्फा कण बाहेर पडतो, तो अल्फा क्षय पुस्तकाने चार ओळींत उरकला होता. सर मात्र तो काही केल्या सोडेनात.

फळ्यावर युरेनियम: वर २३८ (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून), खाली ९२ (नुसते प्रोटॉन). बाणापलीकडे थोरियम, २३४ आणि ९०. शेजारी अल्फा कण, म्हणजे हेलियमचं केंद्रक, ४ आणि २. "वरची बेरीज जुळली, खालचीही जुळली. मंग युरेनियम गेलं कुठं बे?"

वर्ग गप्प. सरांनी ९२ भोवती गोल काढला. मूलद्रव्य कोणतं, हे प्रोटॉनच ठरवतात. नुसते न्यूट्रॉन गेले असते, तर ते हलकं झालं असतं, पण युरेनियमच राहिलं असतं. दोन प्रोटॉनही गेले, म्हणून थोरियम. रेडियमची तऱ्हा तर आणखी न्यारी. एक अल्फा कण बाहेर पडला, की त्या धातूच्या अणूचा थेट रेडॉन वायू होतो!

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, अन् इलेक्ट्रॉन?" सर एकदम खूश. थोरियमकडचे दोन जास्तीचे आसपास निघून जातात. अल्फा कण धडका देत मंदावतो, वाटेत दोन इलेक्ट्रॉन उचलतो आणि हेलियमचा साधा अणू होतो. १८९५ मध्ये रॅम्झी यांना युरेनियमच्या खनिजात हेलियम सापडला होता, पण तो तिथे आला कसा, हे तेव्हा कोडंच होतं. पुढे रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी रेडॉन एका बारीक नळीत भरला. काच इतकी पातळ, की अल्फा कण आरपार जावेत आणि वायू मात्र आत अडावा. बाहेरच्या नळीत काही दिवसांनी हेलियमच्या वर्णरेषा, म्हणजे त्याच्या प्रकाशातल्या ओळखीच्या रंगीत रेषा, दिसल्या. इतका देखणा प्रयोग मी पुढे इंजिनिअरिंगलाही पाहिला नाही.

दिवाळीच्या सुट्टीला गृहपाठ मिळाला: युरेनियम २३८ पासून शिसं २०६ पर्यंत किती अल्फा? बत्तीस भागिले चार, आठ. सोपं. पण खाली ९२ मधून १६ गेले, की उरतात ७६, म्हणजे ऑस्मियम. शिशाला तर ८२ लागतात. अख्खी सुट्टी आमच्यात त्या सहांवरून वाद चालला. सरांना घरी गाठलं, तर म्हणाले, "बीटाचा धडा सुट्टीनंतर हाये. तोवर भांडा."