फुकटचा लेखन वर्ग, नऊ पोरं आणि पान नंबर ११

मागच्या उन्हाळ्यात आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या पोरांसाठी मी फुकट लेखन वर्ग घेतला, १२ ते १७ वयाची पोरं, चार शनिवार-रविवार मिळून आठ बैठका. कसं जमवलं असं दोघी-तिघींनी विचारलं म्हणून लिहून टाकते. मी लेखिका वगैरे काही नाही, माझं डीटीपीचं काम, लग्नपत्रिका आणि थीसिस, लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून सुधारून आपल्याला शिकवता येईल असा उगाच कॉन्फिडन्स आला होता.

आधी जागा. एका शाळेनं हो म्हटलं आणि आदल्या दिवशी कळलं की चावी शिपायाकडे आणि शिपाई गावाला. मग समाजभवन मिळालं, अट एवढीच की जाताना झाडून द्यायचं आणि लग्नाचं बुकिंग आलं की उठायचं. दोनदा उठलो, एकदा तर मंदिराच्या ओट्यावर वर्ग भरला. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ, कारण मे महिन्यात दहानंतर पोरं उन्हात सोडली असती तर त्यांच्या आयांनी मलाच उन्हात उभं केलं असतं. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात हे एक बरं आहे, त्यामुळे जूनचे दोन वीकेंड पण वापरता आले.

खरा घोळ झाला तो फुकट या शब्दानं. "फुकट काऊन शिकवून राहिल्या मॅडम?" एका काकांनी असं विचारलं की जणू मी शेवटी पॉलिसी विकणार आहे. दुसऱ्यांना सर्टिफिकेट पाहिजे होतं. एका बाईंना वाटलं अक्षर सुधारायचा क्लास आहे, त्यांनी दोन्ही पोरं पाठवली, मी पण गप्प बसले. २३ नावं आली, पहिल्या दिवशी १७ पोरं, शेवटपर्यंत टिकली नऊ. पुढच्या वेळी पन्नास रुपये डिपॉझिट घेऊन शेवटच्या दिवशी परत देणार, हे पक्कं.

पहिल्या दिवशी म्हटलं काहीही लिहा, तर सतराच्या सतरा निबंध. पाऊस, आई, झाडे लावा. ज्या पोराच्या तोंडात बाहेर "काय बे" शिवाय वाक्य सुरू होत नाही तो वहीत "निसर्ग हा मानवाचा खरा मित्र आहे" लिहून राहिला होता, आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य "म्हणून आपण सर्वांनी". मार्क त्यालाच भेटतात, पोरांचा काय दोष. दुसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन गेले आणि सांगितलं, लिहा, मग पहिल्या तीन ओळी आणि शेवटच्या तीन ओळी कापून माझ्याकडे द्या. अर्ध्या जणांकडे काहीच उरलं नाही. हसले खूप, पण त्यानंतर "म्हणून" आला की बाकीचेच ओरडायचे, कात्री!

मग विषय देणं बंद केलं, वस्तू द्यायला लागले. कूलरची जुनी ताटी, मेट्रोचं तिकीट, एकच चप्पल. चपलेवरून एकीनं दीक्षाभूमीवरच्या दसऱ्याच्या गर्दीचं लिहिलं, आजीची चप्पल हरवते आणि आजी अनवाणीच पुढं चालते, एवढंच, पण आम्ही सगळे चूप. इतवारीत आजोळ असलेल्या एका पोरानं मारबतीकडून लिहिलं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवत नेऊन जाळतात त्या पुतळ्याच्या तोंडून. काळी मारबत १८८१ पासून निघते म्हणतात, तर इतक्या वर्षांत तिला कोणी विचारलं का, असं त्याचं म्हणणं. त्याची मारबत म्हणते, रोगराई मी आणली नाही, महागाई मी केली नाही, तुम्ही मला बांधता, पाया पडता, "घेऊन जा गे मारबत" ओरडता आणि गावाबाहेर नेऊन जाळता, जाऊन जाऊन मी कुठं जाऊ? वय वर्षे १३. मी त्यातलं एक वेलांटीसुद्धा बदललं नाही, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत.

वाचून दाखवायला नियम एकच ठेवला, ऐकणाऱ्यानं "छान आहे" म्हणायचं नाही, काय दिसलं ते सांगायचं. जमायला तीन बैठका गेल्या.

शेवटी पुस्तिका काढायची ठरली. ए-फोरचे चार कागद मधून दुमडले की सोळा पानं होतात, मधे दोन पिना, झालं. पानं चारच्या पटीतच बसतात, त्यामुळे एक मजकूर इकडचा तिकडं झाला तर सगळं परत लावावं लागतं. आणि नेमकं तेच झालं. एका मुलीनं घरातल्या रात्रीच्या भांडणाचं लिहिलं होतं, वडील, बाटली, दाराची कडी, सगळं. वर्गातलं सगळ्यात चांगलं तेच होतं आणि मला छापायचा मोह झाला हे कबूल करते. नाव न टाकता छापू का म्हणून विचारलं, ती हो म्हणाली. पण आमच्या एवढ्याशा वस्तीत नाव नसलं म्हणून काय कोणाला कळणार नाही? झेरॉक्सला जायच्या आदल्या रात्री साडेदहाला तिचा फोन, "ताई, ते नको टाकू न." काढलं. परत सगळं लावायला वेळ नव्हता, दुसऱ्याचं काही घुसवायचं मनात आलं नाही, मग पान ११ कोरंच ठेवलं, खाली फक्त नंबर.

समारोपाला पालक आले, तर्री पोहे झाले, आणि तिघांनी येऊन विचारलं की मॅडम हे पान कोरं काऊन आहे. त्यात तिचे वडील पण होते. मी म्हटलं, प्रिंटिंग मिस्टेक. वीस वर्षं डीटीपी करणाऱ्या बाईनं चार लोकांत हे स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, आणि ती मागं पोह्याची प्लेट तोंडापुढं धरून हसून राहिली होती.