सिंहावरून पंजावर: तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्यात येऊन मला चाळीस वर्षं झाली. मी नागपूरचा आहे हे कळलं की प्रश्न ठरलेला: तुमचे जांबुवंतराव धोटे वेगळा विदर्भ मागत होते ना, मग इंदिरा काँग्रेसचे खासदार कसे झाले? आणि तरी त्यांना विदर्भवीर म्हणता? 2017 च्या फेब्रुवारीत ते गेले, त्या दिवशीही एकाने हेच विचारलं, वर ‘फुटीरवादी’ हा शब्द लावून. परवा एका मुलीने सरळच विचारलं, ‘काका, तुम्ही त्यांना मत दिलं होतं का?’

आधी त्या शब्दाचं बोलू. राज्य वेगळं मागणं म्हणजे देश तोडणं नव्हे. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने 1955 साली विदर्भाचं राज्य सुचवलं, तेव्हा आयोगाला कुणी फुटीर म्हटलं नाही. याच मागणीवर बापूजी अणे 1962 ला नागपुरातून लोकसभेत गेले होते. 2000 साली तीन नवी राज्यं झाली, 2014 ला तेलंगणा झालं. मग आम्हीच तेवढे फुटीर कसे?

धोट्यांचं सगळं मला पटतं असं नाही. 1964 साली विधानसभेत त्यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला, आमदारकी गेली, आणि यवतमाळने त्यांना पुन्हा निवडून दिलं. लहानपणी हा पराक्रम म्हणून ऐकला होता. आज तो कौतुकाने सांगवत नाही. पण अकोल्याला 1969 साली कृषी विद्यापीठ आलं ते रस्त्यावर उतरल्यामुळे आलं, आणि पुढे धोटे होते, हेही खरंच आहे.

बाबा नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे छपाईचे खिळे जुळवायचे. 1971 ला धोटे फॉरवर्ड ब्लॉककडून उभे राहिले, निशाणी सिंह. सगळीकडे इंदिरा लाट, आणि नागपुरात हा दाढीवाला निवडून आला. बाबांनी रात्री जागून हँडबिलं जुळवली होती, मजुरी घेतली नाही. निवडणूक झाल्यावर सिंहाच्या चित्राचा छपाईचा ब्लॉक मालकांकडून मागून घेतला आणि घरी भिंतीतल्या देवळीत ठेवला.

जानेवारी 1980. धोटे पुन्हा नागपुरातूनच उभे, पण आता पंजावर. मी बावीस वर्षांचा, कॉलेजात विदर्भाच्या सभांना जाणारा. मतदानाच्या सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून निघाले. कुणाला देणार, विचारलं.

‘त्यालेच.’

‘त्यांनी विदर्भ विकला, बाबा.’

‘भाईर राहून बोंबलून पायलं. आता अंदर जाऊन पाहू दे त्याले.’

मी म्हणालो, ‘तुम्ही लाचार आहात.’ एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी देवळीतला ब्लॉक उचलून फरशीवर आपटला. जस्ताचा पत्रा लाकडापासून सुटून चुलीपाशी गेला. आई तिथेच बसली होती. बाबा वाकले, आधी लाकूड उचललं, मग पत्रा. दोन्ही सदऱ्याच्या खिशात घातले आणि मत द्यायला गेले. परत आल्यावर बोटावर शाई होती. धोटे निवडून आले, त्या रात्रीही बाबा माझ्याशी बोलले नाहीत. उन्हाळ्यापर्यंत बोलले नाहीत.

त्या बावीस वर्षांच्या पोराशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, मी अजून भांडतो. त्याला सांगतो, दिल्लीत एकट्या खासदाराचं कोण ऐकतं, सत्तेच्या आत शिरून राज्य मिळवायचा प्रयत्न करणं ही गद्दारी नव्हे. तो म्हणतो, मग मिळालं का राज्य? इथे मला उत्तर नाही. पुढे धोट्यांनीच काँग्रेस सोडली, 2002 साली विदर्भ जनता काँग्रेस काढली. म्हणजे आत जाऊन काम झालं नाही, हे त्यांनीच कबूल केलं म्हणायचं? तसं म्हणायला जीभ रेटत नाही. सत्तेचा मोह त्यांना नव्हताच, असंही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि मी? मी तर नोकरीसाठी विदर्भच सोडला.

राहिलं त्या मुलीचं. 1971 ला माझं वय नव्हतं. 1980 ला होतं, यादीत नाव होतं, शाळा दोन गल्ल्या सोडून होती. धोट्यांना नाही आणि त्यांच्या विरोधातही नाही. बाबा मत देऊन येईपर्यंत मी त्या चुलीपाशी बसून होतो, आणि नंतरही उठलो नाही.